शिट्टी नसलेला कोच

मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजच्या मैदानावर सरावाची सुरुवात अशी व्हायची. दीडशेएक धिप्पाड मुलं रांगा करून उभी राहायची, कुणीतरी व्यायामाचा पुकारा करायचा आणि सगळीच्या सगळी गवतावर उताणी पडायची. मग ज्यानं त्यानं शेजारच्याकडे मान वळवून म्हणायचं, काय मस्त दिवस आहे रे आज! झाला व्यायाम. उठायचं, कपडे झटकायचे आणि कामाला लागायचं.

पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटे. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा खेळ, त्याच्या तयारीला ही थट्टा कशाला? पण या मैदानावरचा कोच अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त सामने जिंकलेला माणूस आहे. ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. अलाबामा, मिशिगन, नोटर डेम अशा बड्या विद्यापीठांच्या एकाही नामांकित प्रशिक्षकाला हा आकडा गाठता आलेला नाही. त्याचं नाव जॉन गलार्डी. इंग्रजीत लिहिताना त्यात एक जास्तीचा जी येतो, पण उच्चारात तो गिळतात.

हे प्रकरण मांडायला घेतलं ते या आकड्यासाठी नाही. गलार्डींनी काय केलं याची यादी फार छोटी आहे. काय केलं नाही याची मात्र लांबलचक आहे, आणि ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती. त्या यादीकडे लोक विक्षिप्तपणा म्हणून पाहतात, नाहीतर सज्जनपणा म्हणून. मला ती एका अडचणीवर काढलेला अगदी व्यवहारी तोडगा वाटते. अडचण काय होती, हे कळायला आधी जागा समजून घ्यायला हवी.

जागा

अमेरिकी फुटबॉल आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, म्हणून दोन वाक्यं. अकरा विरुद्ध अकरा, लांबुळका चेंडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. चेंडू ज्याच्या हातात त्याला जमिनीवर पाडायचं, ते टॅकल. कबड्डीतल्या पकडीची आठवण होईल, फक्त इथे पकडणारा धावत येतो, त्याच्या अंगावर चिलखत असतं आणि वजन शंभर किलोच्या पुढे असू शकतं.

टीव्हीवर दिसतं ते पहिल्या श्रेणीचं कॉलेज फुटबॉल. ऐंशी हजार ते लाखभर प्रेक्षक, कोट्यवधी डॉलरचे प्रशिक्षक, शिष्यवृत्तीवर आणलेले खेळाडू. याच्या पार दुसऱ्या टोकाला तिसरी श्रेणी आहे. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेनं १९७३ मध्ये या श्रेण्या पाडल्या. तिसऱ्या श्रेणीत आज सुमारे २४० कॉलेजांचे फुटबॉल संघ आहेत, आणि तिथला मुख्य नियम एकच: खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. मुलगा इतरांसारखीच फी भरतो किंवा गुणांवर, घरच्या परिस्थितीवर मदत मिळवतो, आणि वर फुटबॉल खेळतो.

सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी हे त्यातलंच एक. मिनीयापोलिसपासून वायव्येला सुमारे १३० किलोमीटरवर कॉलेजविल नावाचं ठिकाण आहे. तिथे बेनेडिक्टाईन पंथाचा मठ आहे, १८५६ साली आलेल्या मठवासीयांनी वसवलेला. अडीच हजार एकरांहून जास्त जंगल, तळी आणि त्याच्या मधोमध कॉलेज. इथे पदवीला फक्त मुलगे. मुलींचं कॉलेज काही मैलांवर, बहिणीसारखं जोडलेलं. मार्सेल ब्रॉयरनं बांधलेलं इथलं काँक्रीटचं चर्च वास्तुकलेचे विद्यार्थी मुद्दाम पाहायला येतात. फुटबॉलचं मैदान झाडांच्या खोलगट वाटीत आहे. तीन बाजूंनी उतार, त्यावर माणसं बसलेली, आणि ऑक्टोबरात मागची पानं लालपिवळी.

१९५३ मध्ये या कॉलेजला नवा कोच हवा होता. आधीचा होता जॉनी ‘ब्लड’ मॅकनॅली, इथलाच माजी विद्यार्थी, ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचा गाजलेला खेळाडू. पुढे १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानगृहात पहिल्याच तुकडीत तो जाऊन बसला. एवढ्या मोठ्या नावाचाही इथे तीन वर्षांत निभाव लागला नाही. जाताना, इथे कुणालाच जिंकता येणार नाही, असं तो नव्या माणसाला सांगून गेला, ही गोष्ट कॉलेजविलमध्ये अजून सांगतात. नवा माणूस २६ वर्षांचा होता.

सोळाव्या वर्षी कोच

पण यादीची सुरुवात त्याच्याही दहा वर्षं आधीची आहे, कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावातली. कोळशाच्या खाणींचं गाव. इटलीहून आलेल्या वडिलांचं गाड्यांची बॉडी दुरुस्त करायचं गॅरेज. जॉनचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ चा, आणि गॅरेजमध्ये हातभार लावणं हेच त्याचं ठरलेलं भविष्य.

१९४३ मध्ये शाळेचा फुटबॉल कोच सैन्यात भरती झाला. युद्धामुळे दुसरा मिळेना, तेव्हा शाळेनं संघ बंद करायचं ठरवलं. सोळा वर्षांच्या जॉननं गळ घातली: मीच शिकवतो, मीच खेळतो, संघ राहू द्या. शाळा तयार झाली.

आता हा मुलगा कोच म्हणून काय करणार? त्यानं शिकवणं कुठे शिकलेलं नव्हतं. त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे खेळाडू म्हणून आपल्याला कशाकशाचा वैताग येतो. जुन्या पद्धतीत सरावाच्या आधी इतका व्यायाम आणि इतक्या फेऱ्या असत की खरा खेळ सुरू होईपर्यंत मुलं अर्धमेली झालेली असत. पाणी मागणं म्हणजे बायकीपणा समजला जाई. मिठाच्या गोळ्या द्यायच्या, पण पाणी नाही. जॉननं फेऱ्या बंद केल्या, जोर-बैठका बंद केल्या, पाणी सुरू केलं. उरलेला वेळ सामन्यात जे डाव खेळायचे ते घोटण्यात घातला. संघ जिंकू लागला.

इथे जरा थांबतो, कारण पुढची सत्तर वर्षं इथूनच निघतात. कोच होणारा माणूस बहुधा आधी खेळाडू असतो, आणि स्वतः भोगलेलं पुढच्यांना भोगायला लावतो. आपल्या तालमीत झालं तेच योग्य, असं त्याला मनापासून वाटत असतं. या मुलाच्या बाबतीत खेळाडू आणि कोच यांच्यात वर्षांचं अंतरच नव्हतं. वैताग ताजा होता, आणि ज्याला वैताग आला होता त्याच्याच हातात अधिकार आला. असा योग सहसा जुळत नाही.

पुढे कोलोरॅडो कॉलेजात शिकता शिकता त्यांनी कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या एका शाळेचा संघ सांभाळला. १९४९ मध्ये पदवी हातात पडली आणि २२ व्या वर्षी मोंटानातल्या हेलेना गावच्या कॅरोल कॉलेजनं त्यांना बोलावलं. हेही छोटं कॅथलिक कॉलेज, तिथेही फुटबॉल गुंडाळायची भाषा चालली होती. चार हंगामांत २४ विजय, ६ पराभव, एक बरोबरी. मग सेंट जॉन्सचं बोलावणं आलं, आणि तिथे पहिल्याच हंगामात त्यांनी मिनेसोटातल्या कॉलेजांच्या परिषदेचं, म्हणजे एमआयएसीचं, विजेतेपद मिळवलं.

यादी

या यादीला सेंट जॉन्समध्ये ‘नकारांनी जिंकणं’ असं नाव पडलं. ती वर्षागणिक वाढत गेली. सगळी इथे देत नाही, काही गोष्टी सांगतो.

सरावात टॅकल नाही. डमीला धडक मारणं नाही, ढकलायची लोखंडी गाडी नाही. शिट्टी नाही. फेऱ्या नाहीत, शिक्षा म्हणून धावणं तर नाहीच. वजनं उचलण्याची सक्ती नाही. ज्याला हौस आहे त्यानं उचलावीत. दीड तासाच्या वर सराव नाही. रविवारी आणि सोमवारी सराव नाही. फार ऊन, फार थंडी, पाऊस, डास, चिलटं असली तरी सराव नाही. (मिनेसोटाच्या डासांचे चावे ज्यांनी खाल्लेत त्यांना हे कलम पटेल.) डावांची छापील वही नाही. भिंतीवर घोषवाक्यं नाहीत. नव्या मुलांची रॅगिंग नाही, त्यांनी थोरल्यांचं सामान वाहायचं नाही. कायमचा कप्तान नाही, शेवटच्या वर्षाची मुलं आळीपाळीनं कप्तान. संघातून कुणाला काढणं नाही. ओरडणं नाही. टचडाऊन झाल्यावर, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्यावर, नाचणं नाही, कारण गुण मिळणार हे आपण धरूनच चाललोय. आणि कोचला कोच म्हणणं नाही, जॉन म्हणायचं.

शेवटचं कलम मराठी वाचकाला कदाचित सगळ्यात अवघड जाईल. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही, म्हणून तिथे आदराचा सगळा भार हुद्द्यावर पडतो. ‘कोच’ हे आपल्या ‘सर’सारखंच आहे, एकदा चिकटलं की साठीतला माजी विद्यार्थीही ते सोडत नाही. तो भारच गलार्डींनी उतरवून टाकला. अठरा वर्षांचा पोरगा ऐंशीच्या म्हाताऱ्याला नावानं हाक मारतोय, हे पाहून पाहुणे चमकायचे.

नियम मात्र एकच होता: दुसऱ्यानं आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं त्याच्याशी वागायचं. मठात शोभावा असा नियम. एका वाक्यात संपणारा असल्यानं त्यातून पळवाट काढायलाही जागा नाही.

मग त्या दीड तासात होतं काय?

यादीवर लिहिणारे बहुतेक जण इथे फसतात. नकार वाचून वाटतं की सराव म्हणजे सहल असणार. तिथे खेळून गेलेले लोक मात्र वेगळंच सांगतात. एकच डाव पुन्हा, पुन्हा, पुन्हा. एखाद्याचं पाऊल चुकलं, एखादा अर्ध्या यार्डानं आत वळला, की परत तोच डाव. आवाज न चढवता, शिट्टी न फुंकता, पण सुटका नाही. समोर बचावाची फळी पूर्ण वेगानं धावत येते, चेंडूवाल्यापर्यंत पोचते, हात लावते आणि सोडून देते. पाडापाडी नाही, म्हणजे उठायला वेळ नाही, कळवळणं नाही, कुणाला बाहेर नेणं नाही. लगेच पुढचा डाव.

हिशेब मांडून पाहा. नेहमीच्या सरावात अर्धा वेळ व्यायामात जातो, बराचसा आदळआपटीत आणि सावरण्यात, थोडा भाषणात. हे सगळं कापलं तर दीड तासात डाव घोटायला मिळणारा वेळ इतरांच्या तीन तासांइतका भरतो. शिवाय आठवडाभर न आदळलेली शरीरं शनिवारच्या सामन्यात ताजी असतात.

टॅकल कधी शिकणार, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. त्यांचं म्हणणं असं की पोरं शाळेपासून टॅकल करतच आलेली असतात. चुकतं ते पाडणं नाही, चुकते ती जागा. योग्य वेळी योग्य जागी उभा असलेला माणूस पाडतोच. त्यामुळे शिकवायची ती जागा, आणि जागा शिकायला कुणाची बरगडी मोडावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जिची चर्चा कमी होते. डाव कोणता खेळायचा हे ठरवायची मोठी मोकळीक ते क्वार्टरबॅकला, म्हणजे मैदानात डाव चालवणाऱ्या खेळाडूला, देत. इतरत्र प्रत्येक डाव बाहेरून येतो, कडेला उभा असलेला माणूस हातवारे करून सांगतो. इथे विशीतला पोरगा समोरची फळी बघून तिथल्या तिथे ठरवायचा. छापील वही नसण्याचा अर्थ इथे लागतो. डाव थोडे, पण ते इतके अंगात मुरलेले की त्यांतला कुठला काढायचा हे खेळणाऱ्यालाच कळावं. गलार्डी कॉलेजात फुटबॉलच्या सिद्धांतावर एक वर्गही घ्यायचे, आणि तो भरलेला असायचा.

अडचण कोणती होती

आता माझा मुद्दा. पहिल्या श्रेणीच्या कोचकडे दोरी असते. मुलाची शिष्यवृत्ती, म्हणजे त्याचं शिक्षण, म्हणजे बऱ्याचदा त्याच्या घराची आशा, कोचच्या मर्जीवर लोंबकळत असते. अशा मुलाला उन्हात पळवता येतं. तो जाणार कुठे?

याचं टोक पाहायचं तर १९५४ चं टेक्सास आठवावं. टेक्सास ए अँड एमचा नवा कोच पॉल ‘बेअर’ ब्रायंट संघाला जंक्शन नावाच्या दुष्काळी गावात घेऊन गेला. दहा दिवस, शंभर अंश फॅरनहाइटच्या वरचं ऊन, सरावात पाणी नाही. शंभराच्या आसपास मुलं गेली होती, टिकली ती पस्तीसेक. बाकीची रातोरात पळाली. त्या हंगामात संघ एक सामना जिंकला, नऊ हरला. दोन वर्षांनी तोच संघ अपराजित राहिला आणि ब्रायंट पुढे दंतकथा झाला, म्हणून जंक्शनची कहाणी आजही अभिमानानं सांगितली जाते. ब्रायंट हा मोठा प्रशिक्षक होता यात वाद नाही. पण त्या दहा दिवसांमुळे तो मोठा झाला, हे कधी कुणी सिद्ध केलेलं मला दिसलेलं नाही. आणि पळालेल्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

त्याच वर्षी कॉलेजविलमध्ये गलार्डींचा दुसरा हंगाम चालू होता. त्यांच्याकडे दोरी नव्हती. मुलगा स्वतःची फी भरतोय, दुपारी त्याला प्रयोगशाळा आहे, संध्याकाळी अभ्यास आहे, आणि पदवीनंतर तो शेतीत, बँकेत, दवाखान्यात जाणार आहे. मंगळवारी सराव नकोसा झाला तर बुधवारी तो येणार नाही, आणि कोचला काहीही करता येणार नाही. पळून जायला त्याला रातोरात निघायचीही गरज नाही. अशा ठिकाणी कोचच्या हातात एकच उरतं: मुलाला उद्या परत यावंसं वाटलं पाहिजे. यादीतलं एकेक कलम घेऊन बघा, ते या एका वाक्याला उत्तर आहे.

संघातून कुणाला काढायचं नाही, या कलमाची एक बाजू मात्र मठाच्या भिंतीआड आहे, आणि ती सांगायला हवी. छोट्या खासगी कॉलेजांचं पोट फीवर चालतं, आणि मुलगे मिळवणं त्यांना अलीकडे जड जातं. म्हणून अमेरिकेत कित्येक छोट्या कॉलेजांनी गेल्या काही दशकांत नव्यानं फुटबॉल सुरू केलं. संघ म्हणजे शंभरेक फी भरणारे विद्यार्थी. सेंट जॉन्समध्ये गलार्डींच्या काळात जेमतेम १,९०० मुलगे आणि संघात दीडशेच्या वर, म्हणजे बारा-तेरांत एक फुटबॉलवाला. मठानं हा हिशेब डोळ्यापुढे ठेवला होता असं मी म्हणत नाही. पण जिथे काढलेला खेळाडू हा गेलेला विद्यार्थीही असू शकतो, तिथे कुणालाच न काढणारा कोच खजिनदाराला आवडणारच. एवढी मुलं असली की टॅकलचा सराव परवडतही नाही, जखमींची रांग लागेल.

जिंकणं

१९६३ मध्ये छोट्या कॉलेजांच्या एनएआयए स्पर्धेचा अंतिम सामना सॅक्रामेंटोत झाला. समोर टेक्सासचं प्रेअरी व्ह्यू ए अँड एम, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं कॉलेज. त्या काळात दक्षिणेतल्या बड्या गोऱ्या विद्यापीठांचे दरवाजे बंद असल्यानं असामान्य खेळाडू अशा कॉलेजांत असायचे. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेला ओटिस टेलर त्या संघात होता. सेंट जॉन्स ३३-२७ नं जिंकलं. १९६५ मध्ये लिनफिल्डला ३३-० नं हरवून पुन्हा तेच. १९७६ मध्ये तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद, टाऊसन स्टेटविरुद्ध ३१-२८. १९९३ च्या संघानं सामन्यामागे सरासरी ६१.५ गुण केले. परिषदेची विजेतेपदं सेंट जॉन्समध्ये सत्तावीस. साठ हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त असे फक्त दोन, १९५६ आणि १९६७.

२००३ चा हंगाम वेगळा काढावा लागतो. ग्रॅम्बलिंगच्या एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम कुणी मोडेल असं वाटत नव्हतं. लुइझियानातल्या एका छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजात १९४१ ते १९९७ ठाण मांडून त्यांनी तो रचला होता. १ नोव्हेंबरला, सत्याहत्तराव्या वाढदिवशी, गलार्डींनी बरोबरी साधली आणि पुढच्या शनिवारी बेथेलविरुद्ध २९-२६ अशा निसटत्या विजयानं ते पुढे गेले. म्हणजे या खेळातला हा विक्रम ज्या दोघांनी आळीपाळीनं भूषवला, ते दोघेही छोट्या कॉलेजातच म्हातारे झाले. एका जागी छप्पन्न किंवा साठ वर्षं टिकू देणारी कॉलेजं छोटीच असतात, हे त्यामागचं साधं कारण असावं.

हंगाम तिथे संपला नाही. डिसेंबरात व्हर्जिनियातल्या सेलममध्ये अंतिम सामना होता, ओहायोच्या माऊंट युनियनशी. तिसऱ्या श्रेणीत माऊंट युनियनचा दरारा काय, ते आकड्यांतच कळतं: लॅरी केरेस यांनी १९८६ ते २०१२ या काळात तिथे ३३२ सामने जिंकले, २४ हरले, आणि अकरा राष्ट्रीय विजेतेपदं नेली. त्या दिवशी मैदानात उतरताना त्यांचा संघ सलग ५५ सामने जिंकलेला होता. तीन वर्षांपूर्वी याच सामन्यात त्यांनी सेंट जॉन्सला १०-७ नं हरवलं होतं.

चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये माऊंट युनियन गोलरेषेपाशी येऊन ठेपलं. पास सुटला, आणि सेंट जॉन्सच्या माइक झाउहारनं तो मधेच झेलून शंभर यार्ड पळत पलीकडे नेला. २४-६. जागेवर उभा असलेला माणूस, असं गलार्डी म्हणाले असते का ठाऊक नाही. मला मात्र तेच आठवतं.

उतार

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पुढची कमी.

सेंट जॉन्सचा जुना वैरी म्हणजे सेंट पॉल शहरातलं सेंट थॉमस. १९०१ पासूनचं वैर. २००८ मध्ये तिथे ग्लेन कॅरुसो नावाचा तरुण कोच आला आणि दोनेक वर्षांत पारडं फिरलं. २०१२ मध्ये सेंट थॉमस थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचलं. त्याच हंगामात सेंट जॉन्स पाच जिंकून पाच हरलं. नोव्हेंबरात ८६ वर्षांच्या गलार्डींनी निवृत्ती जाहीर केली.

यादी जुनी झाली होती का? माझा अंदाज असा की काही कलमं झाली होती. १९६० मध्ये वजन उचलण्याची सक्ती नसण्यानं फरक पडत नव्हता, कारण समोरचाही फारसं उचलत नव्हता. २०१० पर्यंत शाळकरी पोरंही बारा महिने जिममध्ये घडवली जात होती. दुसरं, जी गोष्ट फक्त इथे मिळायची, म्हणजे माणसासारखी वागणूक, ती हळूहळू इतर कॉलेजांतही मिळू लागली. पाणी तर आता सगळेच देतात. तिसरं कारण सरळ वयाचं. सेंट थॉमस मोठ्या शहरातलं, कितीतरी मोठं विद्यापीठ होतं हेही खरं. २०१७ मध्ये त्यांनी त्याच परिषदेतल्या सेंट ओलाफला ९७-० नं हरवलं, आणि २०१९ मध्ये परिषदेनं सेंट थॉमसला बाहेरचा रस्ता दाखवला. एकमेकांशी खेळण्याजोगं साम्यच उरलं नाही, असा सूर होता. २०२१ पासून ते पहिल्या श्रेणीत खेळतात. त्याआधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, या दोघांचा सामना मिनीयापोलिसच्या बेसबॉल स्टेडियममध्ये ठेवला तेव्हा ३७,३५५ माणसं आली. तिसऱ्या श्रेणीच्या सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधीच झाली नव्हती.

टॅकलच्या कलमाचं मात्र उलटं झालं. २००१ च्या उन्हाळ्यात याच मिनेसोटात, मॅनकेटोच्या सराव शिबिरात, वायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर उष्माघातानं गेला. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांचा मेंदूवर होणारा परिणाम पुढच्या काही वर्षांत उघड होऊ लागला. २०१० मध्ये डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी सरावातलं टॅकल बंद केलं. त्यांनी पाडापाडीसाठी चालता-फिरता यांत्रिक पुतळाही बनवून घेतला, आणि त्यांचा संघ जिंकत राहिला. २०११ च्या करारात व्यावसायिक एनएफएलनं हंगामातले चिलखत घालून करायचे सराव चौदावर आणले. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे डार्टमथसारख्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटातल्या, आठही कोचनी हंगामातल्या सरावांतून टॅकल हद्दपार करायला एकमतानं होकार दिला. हे सगळे डॉक्टरांचे अहवाल वाचून तिथे पोचले. कोळशाच्या गावातला एक पोरगा केवळ वैतागातून तिथे सत्तर वर्षं आधी पोचला होता.

त्यांची नक्कल मात्र अख्खी कुणी केली नाही. टॅकल सोडणं सोपं, कारण त्यात वकील आणि डॉक्टर दोघेही खूश होतात. शिट्टी सोडणं, ‘कोच’ ही हाक सोडणं, क्वार्टरबॅकला मोकळं सोडणं यात कोचला स्वतःचंच काहीतरी द्यावं लागतं. शिवाय ज्याची नोकरी तीन वर्षांच्या निकालांवर टांगलेली आहे, त्यानं सरावात ओरडताना दिसणंच बरं. हरला तर निदान मेहनत केली असं म्हणतील. मठवासीयांनी गलार्डींना कधी असं टांगलं नाही. १९५६ चा वाईट हंगाम आला, गेला, ते राहिले. यादीत नसलेलं हे एक कलम, आणि ते कोचच्या हातात नव्हतं.

गलार्डींच्या नावाचा एक चषक आहे. १९९३ पासून तिसऱ्या श्रेणीतल्या उत्कृष्ट खेळाडूला देतात. त्यात मैदानाइतकंच वर्गातलं कामही बघतात. २००३ मध्ये तो सेंट जॉन्सच्याच ब्लेक इलियटला मिळाला होता. ७ ऑक्टोबर २०१८ ला, एक्क्याण्णवाव्या वर्षी, जॉन गेले. सेंट जॉन्सचा हंगाम तेव्हा मध्यावर होता. संघ गॅरी फॅशिंग यांच्याकडे होता, जे आधी जॉनचे सहायक होते. क्वार्टरबॅक होता जॅक्सन अर्डमन. तो आधी पेन स्टेटला होता, लाखभर माणसं बसतील एवढ्या स्टेडियमच्या विद्यापीठात, आणि ते सोडून कॉलेजविलच्या झाडांच्या वाटीत खेळायला आला होता. त्या डिसेंबरात चषक त्याला मिळाला.